चलनातले शब्द

पेणचं नाव जगभर गेलं ते गणपतीच्या मूर्तींमुळे. पण रोह्याकडे किंवा अलिबागकडे जाताना पेणला उतरलेला माणूस पिशवीत घालून नेतो ते पोहे, पापड आणि मिरगुंडं. यातले नुसते पोहे घेतले तरी हिंदी शब्दांच्या अभ्यासकाचा दिवस मजेत जाईल. हा शब्द मराठीतून हिंदीत गेला आणि तिथे जाऊन एकवचनी झाला. मराठीत पोहे नेहमीच अनेक असतात. एकटा ‘पोहा’ कोणी मोजत नाही. हिंदीत मात्र ‘पोहा बना है’, ‘पोहा खा लो’. मराठी कानाला ते खटकतं, पण इंदूरकर सकाळी जिलबीबरोबर जो खातात तो पोहाच. हिंदीचा स्वतःचा जुना शब्द आहे चिवड़ा किंवा चूड़ा, संस्कृत ‘चिपिट’वरून आलेला. बिहारमध्ये मकरसंक्रांतीला दही-चूड़ा खातात. मराठी माणसाला चिवडा म्हटलं की फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आठवतात. बिहारी चूड़्यात यातलं काहीही नसतं, ते निव्वळ कांडलेले पोहे.

या पोह्यांना हिंदी साहित्यातही जागा आहे, म्हणजे असायला हवी होती. सुदामा द्वारकेला गेला तेव्हा त्याच्या पुरचुंडीत काय होतं? मराठी मूल डोळे मिटून सांगेल, पोहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखसंग्रहाचं नावच ‘सुदाम्याचे पोहे’ ठेवलं. हिंदी मुलाला विचारा, ते म्हणेल चावल. नरोत्तमदासांच्या ‘सुदामा चरित’ या सोळाव्या शतकातल्या व्रजभाषेतल्या काव्यातही सुदाम्याची भेट तांदळाची आहे. भागवतात मूळ शब्द आहे ‘पृथुकतण्डुल’. एकाच समासाची ही वाटणी झाली: मराठीने पहिलं पद उचललं, कारण ‘पृथुक’चेच पुढे पोहे झाले, हिंदीने दुसरं पद घेतलं आणि सुदाम्याच्या पदरात तंदुल बांधले. दोघांचंही बरोबर आहे. फक्त मराठी सुदाम्याचा खाऊ तसाच तोंडात टाकता येतो, हिंदी सुदाम्याचा आधी शिजवावा लागतो.

पेणच्या खारपाटात पावसाळ्यात शिरलं तर आणखी एक गोंधळ भेटतो. इथला शेतकरी ‘भात लावलं’ म्हणतो, ‘भात झोडलं’ म्हणतो आणि दुपारी ताटात वाढून घेतो तोही भातच. उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुराच्या भाषेत शेतात उभं असतं ते ‘धान’, सडून निघतात ते ‘चावल’ आणि शिजतो तो ‘भात’. ‘भात लावलं’ हे ऐकून त्याला शेतात हंडी चढल्यासारखं वाटलं तर नवल नाही. ‘भात’ आला ‘भक्त’ या संस्कृत शब्दावरून. भक्त म्हणजे वाटून दिलेला वाटा, मग अन्नाचा वाटा, मग अन्नच. मुळात धातू ‘भज्’, वाटणं. त्याच धातूचे भाग, विभाग, विभक्ती. आणि ज्याला आपण देवाचा भक्त म्हणतो तोही. नोकरदाराचा ‘भत्ता’ हाही याच घराण्यातला: हातात पडतो पैसा, पण मूळ हिशेब जेवणाचा. उत्तर भारतात बहिणीच्या मुलाबाळांच्या लग्नात मामा आहेर घेऊन येतो, त्या रीतीला ‘भात भरना’ म्हणतात. तिथे ताटात वाढायचं काहीच नसतं. कपडे, दागिने, रोकड असते.

शाळेच्या व्याकरणात शब्दांची वर्गवारी शिकवतात: जशाच्या तशा आलेल्या संस्कृत शब्दांना तत्सम, झिजून आलेल्यांना तद्भव, मातीतल्यांना देशज, बाहेरच्यांना विदेशी. वर्गवारी चुकीची नाही, पण शब्द कुठून आला एवढंच ती सांगते. तो चालला कसा, कोणी चालवला, याबद्दल ती गप्प असते. पोहा हिंदीत जायला कोणतीही समिती बसली नव्हती. उलट समित्यांनी घडवलेले शेकडो शब्द कोशात पडून आहेत. आणि याच पेण-रोह्याच्या पट्ट्यातून असे तीन जण निघाले की ज्यांच्या कामामुळे, किंवा ज्यांच्या डोळ्यांदेखत, हिंदीचे कित्येक शब्द चलनात आले. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे, रोह्याचे चिंतामणराव देशमुख आणि रोह्याचेच पांडुरंगशास्त्री आठवले. तिघांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९५८, १९५९ आणि १९९६ साली. एवढ्याशा टापूत तीन मॅगसेसे हा योगायोग खासच. पण इथे तो फक्त जाता जाता.

विनोबा गागोद्यात जन्मले ११ सप्टेंबर १८९५ रोजी. लहानपणीच कुटुंब बडोद्याला गेलं, पुढे काशी, साबरमती, वर्धा. मातृभाषा मराठी, ‘गीताई’ मराठीत, धुळ्याच्या तुरुंगातली गीता-प्रवचनं मराठीत. पण १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि त्यानंतरची तेरा वर्षांची पदयात्रा बहुतांशी हिंदीत झाली. अख्खा देश पायाखाली घालायचा तर भाषाही सगळ्यांना थोडीथोडी कळेल अशीच हवी. विनोबांनी नवे शब्द बनवताना एक शहाणपण केलं: दोन्ही पदं खेड्यातल्या माणसाला आधीच ठाऊक असतील असेच समास घेतले. भू आणि दान. ग्राम आणि दान. मग ‘दान’ हा जणू प्रत्ययच झाला. संपत्तिदान, श्रमदान, बुद्धिदान, साधनदान; जयप्रकाश नारायणांनी १९५४ साली बोधगयेला स्वतःलाच देऊन टाकलं ते जीवनदान; पुढे बिहारमध्ये एकेक विकासगट सामील झाला ते प्रखंडदान, मग जिलादान आणि १९६९ साली सबंध बिहारदान. शेवटच्या दोन-तीन दानांत जमीन प्रत्यक्ष किती हलली हा वादाचा विषय आहे. शब्द मात्र ठणठणीत चालले. श्रमदान तर आज मराठी शाळेतल्या पोराचा शब्द आहे. तो कोणत्या चळवळीतून पसरला हे त्याला माहीत असायचं कारणही नाही.

‘दान’ या शब्दाला एक अडचण होती. त्यात उपकाराचा वास येतो. देणारा वर, घेणारा खाली. विनोबांनी यावर शंकराचार्यांच्या भाष्यातला अर्थ पुढे केला: दान म्हणजे संविभाग, नीट वाटून घेणं. हा ‘संविभाग’ पुन्हा त्याच भज् धातूचा, भाताच्या घराण्यातला. संस्कृतात ‘दा’ म्हणजे देणं हा एक धातू, आणि कापणं या अर्थाचा त्याच्याच सारखा दिसणारा दुसरा. त्या दुसऱ्यावरून ‘दात्र’ म्हणजे विळा, हिंदीतली दराँती. भूदानाच्या सभेत बसलेल्या शेतकऱ्याला हे धातू कुणी सांगितले नसतील. पण जमीन देणं म्हणजे जमीन वाटणं, हा अर्थ त्याला सांगावा लागला, आणि जिथे तो पटला तिथेच दान झालं.

हिंदीबद्दल विनोबांची भूमिका समजून घ्यायला एक छोटासा ‘ही’ पुरतो. हिंदीत ‘नागरी ही’ म्हणजे नागरीच, दुसरं काही नाही. मराठीत ‘नागरीही’ म्हणजे इतरांबरोबर नागरीसुद्धा. अक्षर तेच, पण एक ‘ही’ दार लावणारा आणि एक दार उघडणारा. विनोबांचं म्हणणं होतं की भारतातली प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत राहावीच, पण तिच्या जोडीला नागरीतही लिहिली जावी. हिंदीत हे सांगताना ते ‘भी’ वापरत. म्हणजे ही मराठीतल्या ‘ही’ची बाजू. फेब्रुवारी १९६५ मध्ये मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटलं, माणसं मेली, तेव्हा त्यांनी उपवास केला. मागणी तीन कलमी होती: हिंसा थांबावी, ज्यांना नको त्यांच्यावर हिंदी लादू नये आणि ज्यांना नको त्यांच्यावर इंग्रजीही लादू नये. हिंदीसाठी आयुष्यभर चाललेल्या माणसाने हिंदीच्या सक्तीला विरोध केला, हे आजच्या भांडणात कोणाला सोयीचं वाटत नाही, म्हणून फारसं सांगितलंही जात नाही.

लिपीच्या बाबतीत गांधी-विनोबांच्या वर्तुळातल्या मंडळींनी एक धीट प्रयोग केला. इ, ई, उ, ऊ, ए ही वेगळी अक्षरं कशाला, ‘अ’लाच काना-वेलांटी द्यावी. त्या काळची नवजीवन प्रकाशनाची हिंदी पुस्तकं उघडली की ‘अिस’, ‘अुस’, ‘अेक’ असे शब्द भेटतात. सावरकरांनीही मराठीत हेच सुचवलं होतं. राजकारणात ज्यांचं जन्मात जमलं नाही त्यांचं ‘अ’च्या बाराखडीवर एकमत झालं होतं. वाचकांनी मात्र दोघांनाही दाद दिली नाही. त्यापेक्षा मुंबईच्या छापखान्यांचं यश मोठं. अ, झ आणि ण यांची आज हिंदीत प्रमाण मानली जाणारी वळणं मुंबईच्या खिळ्यांची आहेत. काशी-कलकत्त्याची जुनी वळणं मागे पडली. त्यासाठी कोणी पदयात्रा काढली नाही. पुस्तकं छापली गेली, वाचली गेली, डोळे सरावले.

आणि मग ‘अनुशासन’. शब्द चलनात येतो तसा तो दुसऱ्याच्या खिशातही जातो, त्याचं याहून ठसठशीत उदाहरण हिंदीत सापडणं कठीण. डिसेंबर १९७४ पासून विनोबांचं वर्षभराचं मौन चालू होतं. मध्येच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. पवनारच्या आश्रमात भेटीसाठी आलेल्यांना त्यांनी महाभारतातल्या एका पर्वाचं नाव दाखवलं: अनुशासन पर्व. सरकारी प्रचाराने ते झेललं आणि भिंतीभिंतींवर रंगवलं. अर्थ एकच, निमूट शिस्तीत राहा. डिसेंबर १९७५ मध्ये मौन सुटल्यावर विनोबांनी फोड केली की सत्तेचं असतं ते शासन, आचार्यांचं असतं ते अनुशासन. व्युत्पत्ती त्यांच्या बाजूने आहे. ‘शास्’ या धातूचा अर्थ शिकवणं, मार्ग दाखवणं. शास्त्र, शिष्य, शिष्ट हे सगळे त्याचेच. पतंजलीच्या महाभाष्यात तर व्याकरणालाच ‘शब्दानुशासन’ म्हटलं आहे, आणि व्याकरण कुणाला तुरुंगात टाकत नाही. पण खुलासा येईपर्यंत भिंती रंगून गेल्या होत्या. गंमत अशी की याच अर्थाचा मराठी शब्द ‘शिस्त’ फारसी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ नेम. बंदुकीचा.

पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याला जन्मले १९ ऑक्टोबर १९२० रोजी. त्यांची प्रवचनं मराठी, हिंदी, गुजराती अशा तिन्ही भाषांत चालत, आणि त्यांचे शब्द तिन्ही भाषांत एकच राहिले: स्वाध्याय, भक्तिफेरी, योगेश्वर कृषी, वृक्षमंदिर, मत्स्यगंधा. यातला मत्स्यगंधा हा शब्द आता रोह्याच्या रुळांवरूनही धावतो, कारण कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि मंगळुरूला जाणाऱ्या एका गाडीचं नाव तेच आहे. आठवल्यांच्या कार्यात मात्र मत्स्यगंधा म्हणजे सामायिक मासेमारीची होडी. आणि ‘स्वाध्याय’मधल्या ‘अध्याय’च्या पोटात ‘इ’ म्हणजे जाणं हा धातू आहे. जवळ बसवून अध्ययन करवतो तो उपाध्याय. या उपाध्यायाचं प्राकृतात ‘उवज्झाय’ झालं आणि मग वाटा फुटल्या. कोकणात त्याचे पाध्ये-उपाध्ये झाले, मिथिलेत झा आणि भोजपुरीकडे ओझा. एखाद्या पाध्यांच्या शेजारी एखादे झा राहायला आले, तर आपण एकाच आडनावाचे आहोत हे दोघांच्याही लक्षात येणार नाही. हिंदीत तर ‘ओझा’ म्हणजे भूत उतरवणारा मांत्रिकही. उपाध्यायाची इतकी घसरगुंडी दुसऱ्या कुठल्या शब्दात झाली नसेल. आठवल्यांना अनुयायी म्हणत ‘दादा’. मराठीत दादा थोरला भाऊ, हिंदीत वडिलांचे वडील, आणि मुंबईच्या गल्लीत आणखी तिसराच. तिन्ही अर्थ शेजारीशेजारी नांदतात, कुणी कुणाला हटकत नाही.

उरले चिंतामणराव. विनोबांपेक्षा चारच महिन्यांनी धाकटे. जन्म रायगडाजवळच्या नाते गावचा, १४ जानेवारी १८९६, घर रोह्याचं. मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, ‘मेघदूता’चं मराठी भाषांतर हे एका अंगाला, दुसऱ्या अंगाला आयसीएस, १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ साली कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर आणि १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला हे मराठी माणसाला पाठ आहे. त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात नोटेवर एक व्याकरणाचा प्रश्न सुटला, हे कमी लोकांना ठाऊक असतं.

१९५३ साली नोटांवर हिंदी ठळक झाली आणि वाद निघाला: ‘रुपया’चं अनेकवचन काय? हिंदीत घोड़ा-घोड़े, पण राजा-राजा, पिता-पिता. रुपया कोणत्या पंगतीला बसवायचा? निर्णय ‘रुपये’च्या बाजूने झाला, म्हणजे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या बोलतो तेच रूप नोटेवर आलं. रुपयाचं मूळ ‘रूप’. पाणिनीने ‘रूप्य’ शब्द सिद्ध करून दाखवला आहे तो ठसा उमटवलेल्या वस्तूसाठी. तेच पुढे चांदीचं नाव झालं. सोनं-रुपं मधलं रुपं ते हेच. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात सुमारे साडेअकरा ग्रॅमचं चांदीचं नाणं पाडलं, त्याला रुपया नाव पडलं आणि ते अजून चाललं आहे. शंभराची नोट उलटून भाषांची पट्टी पाहिली तर मराठीत ‘शंभर रुपये’ आणि संस्कृतात ‘शतं रूप्यकाणि’ दिसतं. मूळ आणि त्याचा झिजलेला वंशज एकाच रकान्यात.

पुढच्या बाजूचं हिंदी वाक्य तर शब्दाशब्दाने वाचण्यासारखं आहे: ‘मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ।’ धारक आणि वचन शुद्ध संस्कृत, सौ आणि रुपये झिजून आलेले, अदा अरबी, बाकीची क्रियापदं आणि प्रत्यय हिंदीचे घरचे. कोणाला काही खुपत नाही. खुपतो तो त्याच नोटेवरचा दुसरा शब्द: ‘केन्द्रीय सरकार द्वारा प्रत्याभूत’. रोज नोटा मोजणाऱ्या हजारो हिंदी भाषकांपैकी ‘प्रत्याभूत’ तोंडाने उच्चारलेला किती जण सापडतील? संस्कृतात जामीन राहणाऱ्याला ‘प्रतिभू’ म्हणत, त्या वळणावर हा शब्द पाडला. त्याच कुळातली ‘प्रतिभूति’ शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या हिंदी नावात आहे. मराठीने तिथे ‘रोखे’ वापरले, अरबीतून आलेले आणि बाजारात मुरलेले. बोलताना हिंदी माणूस सरळ ‘गारंटी’ म्हणतो. घडवलेला शब्द नेहमीच पडून राहतो असं मात्र नाही. ‘मुद्रास्फीति’ म्हणजे आपली चलनवाढ. हा शब्द घडवल्याचं श्रेय काशीच्या ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर यांना दिलं जातं, आणि पराडकर काशीत जन्मले तरी घर मराठी. हा शब्द काही सोपा नाही. पण वर्तमानपत्राने तो रोज छापला आणि महागाई रोज वाढली, त्यामुळे तो पाठ झाला.

देशमुख अर्थमंत्री असतानाच, १९५५ साली, दशमान नाण्यांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर झाले, आणि जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून नाव ठेवलं ‘नया पैसा’. लोकांना हिशेब समजावा म्हणून तो नाण्यावरच लिहिला: एका पैशावर ‘रुपये का सौवाँ भाग’, पाचावर ‘बीसवाँ भाग’, पंचविसावर ‘चौथा भाग’. भारताच्या सगळ्या प्रांतांत, हिंदी येवो न येवो, हे वाक्य खिशाखिशांत फिरलं. पुन्हा भज् धातूचा भाग! १ जून १९६४ पासून ‘नया’ काढून टाकला. पण हा बदल लक्षात न ठेवता जुनं हिंदी साहित्य वाचलं तर हिशेब चुकतो. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला हामिद जत्रेला निघतो तेव्हा त्याच्याजवळ तीन पैसे असतात. ते जुने पैसे. नव्या मापाने पावणेपाचाच्या आसपास. त्यात मिठाई नाही, खेळणं नाही, आजीसाठी चिमटा येतो, तोही घासाघीस करून.

आणे गेले तरी बोलण्यातून गेले नाहीत. हिंदीत पक्की गोष्ट ‘सोलह आने सच’ असते, मराठीत ती सोळा आणे खरी. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालं. हिंदीतली चवन्नी मात्र टिकून आहे, उथळ माणसाला ‘चवन्नीछाप’ म्हणायला ती लागतेच. मराठीत चार आण्यांना म्हणत पावली आणि आठ आण्यांना अधेली. चवली होती, पण ती दोन आण्यांची. तेव्हा प्रेमचंदांच्या काळातली एखादी कथा मराठीत आणताना कोणी ‘चवन्नी’साठी बेधडक ‘चवली’ लिहिली, तर त्या पात्राच्या खिशातून दोन आणे जागच्या जागी कमी होतात.